शिवण नसलेला अंगरखा

मराठी भाषेची एक गंमत आहे. मागावर बसलेला कोष्टी विणतो, खाटेला सुंभ आवळणारा म्हातारा विणतो, भिंतीच्या कोपऱ्यातला कोळी विणतो, आणि ओसरीवर लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन स्वेटर करणारी सूनबाईही विणतेच. वास्तविक मागावरचे विणणे आणि सुयांवरचे विणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांवरून जातात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फाशांत अडकत पुढे सरकतो. आपल्या भाषेने या दोहोंना एका क्रियापदात बसवले. सहाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या काही चित्रकारांनी तेच चित्रात केले, असे मला वाटते.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात सन १४००च्या सुमाराचे एक वेदीचित्र आहे. मिंडेन गावचा मास्टर बर्ट्राम हा हॅम्बुर्गात येऊन राहिलेला चित्रकार. त्याचे हे काम बुक्स्टेहुडे येथील जोगिणींच्या मठातले. त्याच्या एका फळीवर मेरी बसली आहे आणि तिच्या हातात चार सुया आहेत. बाळ येशू जवळच जमिनीवर पुस्तक उघडून पहुडला आहे. शेजारी त्याचा भोवरा पडला आहे. कोणत्याही घरातली दुपार वाटावी असा देखावा! पण एका बाजूने दोन देवदूत आले आहेत, आणि त्यांच्याजवळ क्रूस आहे, खिळे आहेत, भाला आहे, काट्यांचा मुकुट आहे. पोराने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले आहे.

मेरी विणते आहे ते बाळाचे आखूड बाह्यांचे अंगडे. योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, की येशूचा अंगरखा वरपासून खालपर्यंत अखंड होता, त्याला शिवण नव्हती. म्हणून क्रूसाखालच्या शिपायांनी तो फाडला नाही, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. मध्ययुगात लोकांनी या कथेला जोड दिली: तो अंगरखा आईनेच केला आणि मुलाबरोबर तोही वाढत गेला. मूळ ग्रंथातला अंगरखा मागावरचा आहे. पण मागावरून उतरते ते सपाट कापड. शिवणीवाचून त्याचा अंगरखा कसा होतो, हे पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येत नाही. चार सुयांवर ते सोपे आहे. तीन सुयांवर टाके वर्तुळात मांडायचे, चौथी मोकळी ठेवायची आणि गोल गोल जात राहायचे. नळीसारखे वस्त्र आपोआप तयार होते. शिवाय गोल विणताना कापडाची उजवी बाजू सदा विणणारीसमोर असते, त्यामुळे सगळे टाके सुलट घातले तरी पोत सपाट येतो. बर्ट्रामने हे नुसते ऐकून काढलेले नाही. अंगड्याचे अंग झाले आहे, बाह्या झाल्या आहेत, आणि मेरी गळ्याचे टाके उचलून कड पुरी करते आहे. म्हणजे काम संपत आले आहे, आणि त्याच घटकेला पाहुणे दारात आहेत. कादंबरीकाराला दहा पाने लागतील ते या माणसाने एका गळपट्टीत सांगितले.

बर्ट्राम यातला पहिला नव्हे. सिएनाच्या आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने आणि तोम्माझो दा मोदेनाने चौदाव्या शतकाच्या मध्यालाच विणणारी मेरी रंगवली होती. हे चित्रकार विणकामाचा इतिहास लिहायला बसले नव्हते, पण आज तो लिहिणारे त्यांचीच साक्ष काढतात. लोकर कसर खाते, आणि फाटका मोजा कोणी जपून ठेवीत नाही. इजिप्तच्या कोरड्या मातीत निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे टिकले. युरोपच्या ओल्या हवेत थोडेच टिकले. जे टिकले ते बहुधा राजघराण्यांच्या थडग्यांत. फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा हिला १५६२ साली लाल रेशमी विणलेल्या मोज्यांसह पुरले. ते मोजे पुढे संग्रहालयात आले, आणि आता हौशी विणणाऱ्या बायका त्यांच्या नक्षीचे टाके मोजून तसेच मोजे विणतात.

हे टाके मोजण्याचे काम अलीकडे सोपे झाले आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने २०१२पासून आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०१७पासून आपल्याकडील असंख्य वस्तूंची मोठी, स्पष्ट छायाचित्रे संगणकावर सर्वांना खुली केली. कॅनडातल्या टोरांटोहून २००२ साली ‘निटी’ नावाचे विणकामाचे मासिक निघाले, ते कागदावर नव्हे, पडद्यावर. काचेच्या कपाटातली वस्तू आणि सुयांवरचे टाके यांच्यामधले अंतर त्यामुळे पुष्कळच कमी झाले. हातात चहाचा कप घेऊन चौदाव्या शतकातली बाही न्याहाळावी, हे सुख पूर्वी राजांनाही नव्हते.

राइक्स संग्रहालयातच काही लोकरी टोप्या आहेत, आणि माझ्या मते साऱ्या रेशमी मोज्यांहून त्या मोलाच्या. उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गेन बेटांवर सतराव्या शतकात डच लोक देवमासे मारायला जात; चरबी कढवून तेल काढायचे कारखानेही तेथेच होते. या कामात मेलेल्या १८५ जणांची थडगी १९८० साली संशोधकांनी तपासली. कित्येक सांगाड्यांच्या डोक्यांवर विणलेल्या टोप्या तशाच होत्या. कडाक्याच्या थंडीत ही माणसे नखशिखांत गुंडाळलेली असत. तोंडावरून कोणी ओळखू येत नसे. कोण कोणता, हे टोपीच्या रंगावरून आणि पट्ट्यांवरून कळे. म्हणूनच बहुधा सोबत्यांनी पुरताना त्यांच्या टोप्या काढून घेतल्या नाहीत. जिवंतांना थंडी काही कमी नव्हती, आणि तेथे एकेका लोकरी टोपीची किंमत काय असेल, हे सांगायला नको. तरी ती ज्याची त्याच्याजवळ राहिली.

तपकिरी, काळ्या, पिवळसर पट्ट्यांच्या या साध्या टोप्या आहेत. नक्षी म्हणावी अशी त्यांत नाही; रंग बदलला, चार ओळी झाल्या, पुन्हा बदलला, इतकेच. उरलीसुरली लोकर संपवायला आपल्याकडच्या आज्याही असेच पट्टे घालतात.