पावसाळा काचेत

मिरगाचं पहिलं पाणी ओढ्याला आलं की कृष्णाकाठची पोरं आजही घमेली, जाळी, हाताला लागेल ते घेऊन पळतात. चढणीचे मासे! गढूळ पाण्याच्या उलट दिशेनं मासा का चढतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, पण ठाऊक सगळ्यांना असतं. नवं पाणी आलं, अंडी घालायची वेळ झाली. घरच्या काचेच्या टाकीत सुरीमाशांची पैदास करायला निघालेल्या वाचकाला एवढं उमगलेलं असेल, तर निम्मी वाट सरलीच. उरलेल्या निम्म्या वाटेसाठी हे पुस्तक आहे.

दुकानात ज्याला नाइफफिश म्हणतात तो मासा आपल्याला परका नाही. कृष्णेतला चालट हा सुरीमासाच. चांदीच्या पात्यासारखं चपटं अंग, पाठीवर पिसाएवढा एक पर आणि पोटाखालून थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली एकच लांब झालर. ती झालर लाटेसारखी हलवत तो अंग न वाकवता पुढे जातो आणि तितक्याच सहज मागेही येतो. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा डोहाच्या सावलीत जातो. शास्त्रात तो ‘नोटोप्टेरस नोटोप्टेरस’. पीटर पालास यांनी 1769 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. आपल्या दख्खनच्या माशांची यादी कर्नल सायक्स यांनी 1839 मध्ये छापली, त्यात चालटाला ‘मिस्टस बॅजी’ म्हटलं आहे. ते नाव पुढे पालास यांच्या जुन्या नावात विरून गेलं. त्या यादीतली ‘खुद्री’, ‘नुक्ता’, ‘कोलस’ ही नावं मात्र शास्त्रात आजही टिकून आहेत. म्हणजे या विषयाचं एक जुनं पान आपल्याच नद्यांवर लिहिलं गेलं आहे. नवख्या वाचकानं आत येताना बिचकू नये, म्हणून हे आधी सांगितलं.

सगळे सुरीमासे एका कुळातले नसतात, हे मात्र आरंभीच ध्यानात ठेवावं. चालट, गंगेतला चितळ आणि दुकानात ठिपक्यांमुळे खपणारा आग्नेय आशियातला क्लाउन नाइफ हे अरोवानाचे नातलग. दक्षिण अमेरिकेतले ब्लॅक घोस्ट आणि काचेसारखा आरपार दिसणारा आयगेनमॅनिया यांचं घराणंच वेगळं. वंशाच्या हिशेबानं आयगेनमॅनिया चालटापेक्षा आपल्या शिंगट्याला जवळचा. दोन्हीकडे अंगाची सुरी झाली ती स्वतंत्रपणे. आणि अमेरिकेतल्या या माशांना एक गोष्ट येते ती चालटाला येत नाही. ते आपल्याभोवती सतत मंद वीज सोडतात, तिच्या आधारानं अंधारात चाचपतात आणि तिच्यातूनच एकमेकांशी बोलतात.

पुस्तकाचा मोठा भाग आयगेनमॅनियावर आहे, कारण घरात पैदास कशी साधते हे त्यानंच माणसाला शिकवलं. पुष्कळ वर्षं हा मासा टाकीत उत्तम जगायचा, खायचा, वाढायचा, पण अंडी घालायचा नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक किर्शबाउम यांनी त्याचं कारण शोधलं आणि 1975 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांनी टाकीतल्या पाण्यातले क्षार हळूहळू कमी केले, पातळी रोज थोडी वाढवली आणि वरून पाणी शिंपडून पाऊस पाडला. काही आठवड्यांत माद्यांची पोटं अंड्यांनी भरली. औषध नाही, इंजेक्शन नाही. माशाला पावसाळा आल्याची खात्री पटली, एवढंच. किर्शबाउम यांचा तो शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ओढ्यातली ती पोरं आठवली.

आणि पावसाळ्याची सामग्री आपल्याइतकी कुणाकडे आहे? सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तर तिथूनच निघालेली कृष्णा सांगलीला पोचते तिथे तो सहाशेच्या आसपास. घाटातलं पाणी मऊ, सांगलीकडच्या बोअरचं जड. माझ्या घरच्या बोअरच्या पाण्यात क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला की आकडा हजाराच्या पुढे जातो, आणि पत्र्यावरून पिंपात धरलेल्या पावसाच्या पाण्यात तोच विसावर थांबतो. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच तुमचा पावसाळा. पण तो एका दिवसात आणू नका. पहिल्या वर्षी उतावीळपणे मी अर्धी टाकी एकदम पावसाच्या पाण्यानं बदलली आणि सकाळी चार मासे तळाशी आडवे दिसले. त्या चार माशांमुळेच पाणी बदलण्याचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब झालं आहे. रोज एक तांब्या, हे त्याचं सार.

अंडी घालायला आयगेनमॅनियाला तरंगत्या वनस्पतींच्या मुळांचा गुंता लागतो. त्यासाठी मी जलपर्णी वापरतो. आपल्या नद्यांचा श्वास कोंडणारी ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची, या माशाच्याच मुलखातली. काळ्या, केसाळ मुळांमध्ये चिकटलेलं अंडं बाजरीच्या दाण्याहून लहान आणि पारदर्शक असतं. टॉर्च तिरका धरला तरच चमकतं. काम झालं की जलपर्णी उन्हात वाळवून टाकावी. ती नदीत जाता कामा नये, आणि मासेही नाहीत. क्लाउन नाइफ हातभर लांब होतो आणि लहान मासे मटकावतो. टाकीत मावेना म्हणून त्याला कृष्णेत सोडणं हे पाप आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही. अशाच बाहेरून आलेल्या चिलापीनं भरलेली जाळी आपण रोज पाहतोच.

चालटाची दोन प्रकरणं शेवटी आहेत आणि माझा जीव त्यांत अडकला आहे. सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडलेला आपण अलीकडच्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिला. चितळाची पैदास लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं साधली आहे. मग आपल्या डोहातल्या चालटासाठी आपल्या घरांतून, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून टाक्या का मांडल्या जाऊ नयेत? हे काम थोडं, जागा मात्र मोठी लागते. पाण्यात बुडालेलं लाकूड द्या, अंधार द्या आणि त्याच्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात मात्र आयगेनमॅनियापासून करा. वैशाखातच मासे आणा, म्हणजे रोहिणीपर्यंत ते टाकीला सरावतील. एक उपकरण लागेल: बॅटरीवर चालणारा, स्पीकर जोडलेला छोटा अॅम्प्लिफायर आणि पाण्यात सोडायच्या दोन तारा. माशांची वीज त्यातून कानांनी ऐकता येते. मेरी हॅगडॉर्न आणि वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी 1985 मध्ये दाखवलं, की नराच्या विजेची नुसती ध्वनिमुद्रित साद ऐकवली तरी अंड्यांवर आलेली एकटी मादी अंडी घालते. तुम्ही रात्री दिवे मालवून स्पीकरजवळ बसा. आधी तंबोऱ्यासारखा एकसुरी गुंजारव येईल, प्रत्येक माशाचा वेगळा. पावसाचं पाणी चढवायला लागून तीनेक आठवडे झाले, की एखाद्या रात्री त्या सुरात मध्येच खंड पडू लागेल, टिचकी मारल्यासारखा, पुन्हा पुन्हा, तासन् तास. तेव्हा दिवा लावू नका. पहाटे मुळं तपासा.