दोन चापांची बाजू

रिव्हॉल्व्हरचा इतिहास सांगणारे बहुतेक जण एकच सरळ रस्ता आखतात: आधी कोल्ट, मग ॲडम्स, मग आजचं हत्यार. बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटरचं दोन चापांचं रिव्हॉल्व्हर या रस्त्यावर बसत नाही, म्हणून त्याला ‘कारागिराचा लहरीपणा’ म्हणून काचेच्या कपाटात बसवलं जातं. हा पूर्वपक्ष मला मान्य नाही.

हे टोपीचं हत्यार. टोपी म्हणजे काय, हे दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजवलेल्याला समजावायला नको. घोडा आपटला की टोपी फुटते आणि तिची आग बारीक भोकातून आतल्या दारूला लागते. त्याआधी चकमक आणि रंजक. पाऊस आला की दोन्ही बेभरवशाचे. १८२३ च्या जानेवारीत सर्वेक्षणवाला कर्नल लॅम्ब्टन आमच्या हिंगणघाटात वारला, इथेच पुरला गेला. त्याच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका चकमकीच्याच असणार. फिरत्या कोठ्यांची कल्पनाही कोल्टची नव्हे. कॉलियर नावाच्या कारागिराने १८१८ मध्येच चकमकीवर चालणाऱ्या फिरत्या हत्याराचं पेटंट घेतलं होतं. कोल्टचं १८३६ चं पेटंट फळाला आलं, त्यात टोपीचा वाटा मोठा.

कोल्ट की ॲडम्स, हा खरा वाद पेटला १८५१ च्या लंडन प्रदर्शनात. कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा. चाप मात्र हलका, नेम चांगला. ॲडम्सच्या घोड्याला अंगठ्यासाठी शेपटीच नव्हती. चाप दाबला की कोठी फिरणं, घोडा उठणं, आपटणं सगळं एका दमात. वेग मिळाला, पण चाप इतका जड की नळी हलायची.

ट्रँटरने १८५३ मध्ये या दोन कामांची फारकत केली. चापाच्या कड्याला खाली खाच, त्यातून बाहेर आलेला दुसरा चाप. मधल्या बोटाने खालचा दाबा, घोडा उठतो, कोठी फिरते. मग तर्जनीने वरचा हलका चाप. घाई असेल तर दोन्ही एकदम दाबा, झालं ॲडम्स. आमच्या जिनिंगमध्ये रोलर रुई ओढतो आणि सुरी सरकी पाडते. दोन्ही कामं एकाच भागाने का करत नाही, असं हिंगणघाटात कोणी विचारणार नाही.

आक्षेप येईल: शेवटी जिंकला तो ब्यूमाँट. त्याने पुढे ॲडम्सच्या घोड्याला शेपटी देऊन एकाच चापात दोन्ही सोयी बसवल्या, ब्रिटिश फौजेनेही तेच घेतलं. खरं आहे. पण प्रश्न कोणता सोडवायचा, हे ट्रँटरने त्याच्या आधीच हत्यारातून दाखवलं होतं. शिवाय ब्यूमाँटकडे वेग हवा तर जड चाप, नेम हवा तर पुन्हा अंगठा. मूठ न हलवता नेमही टिकवायची ट्रँटरची सोय तिथे नाही. १९७० च्या दशकात जर्मनांनी पोलिसांसाठी पी-७ पिस्तूल काढलं, त्यात मूठ आवळली की यंत्र सज्ज होतं आणि चाप हलकाच राहतो. त्याला लहरीपणा कोणी म्हणत नाही.

ट्रँटरला दोष द्यायचाच, तर गोळी ठासायच्या दांड्यावरून द्या. सुरुवातीच्या नमुन्यांत तो सुटा होता, पेटीत वेगळा ठेवायचा. धावपळीत हरवला, की पाच कोठ्या भरणार कशाने? पुढच्या नमुन्यांत त्याने तो हत्यारालाच जोडून टाकला.