कासव चुकतं तेव्हा मूल काय शिकतं?

प्रोग्रॅमिंग शिकवणारे गेम्स आणि ॲप्स आज ढिगाने मिळतात. ठोकळे जोडा, बटण दाबा, की मांजर लगेच पडद्यावर चालायला लागते. माझं संशोधन या 'लगेच'बद्दलच आहे. नवशिक्याला चूक तत्काळ दिसली, तर तो त्यातून नेमकं काय शिकतो? प्रश्न नवा वाटेल, पण त्यावरचा वाद ४० वर्षं जुना आहे. आज त्याची गोष्ट सांगते.

सुरुवात १९६७ ची. अमेरिकेतल्या केंब्रिज गावात 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' नावाच्या कंपनीत वॉली फर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी खास मुलांसाठी एक भाषा तयार केली: लोगो. त्या काळात प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. लोगोत मात्र मूल टेलिटाइपवर आज्ञा टाइप करायचं आणि उत्तर तिथल्या तिथे यायचं. आज्ञा समजली नाही तर 'हे कसं करायचं ते मला माहीत नाही' अशा अर्थाचा संदेश यायचा. म्हणजे चूक मुलाची नाही, यंत्राला अजून शिकवायचं राहिलंय!

गंमत अशी की पहिल्या लोगोत कासव नव्हतंच. शब्दांचे आणि वाक्यांचे खेळ होते. कासव आलं नंतर, एमआयटीमध्ये. ते खरंखुरं जमिनीवर फिरणारं, पोटाशी पेन असलेलं यंत्र होतं. ब्रिटनमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या यंत्र-कासवांवरून त्याला हे नाव पडलं.

कासवच का? पॅपर्ट जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. मूल ज्ञान आयतं घेत नाही, स्वतः घडवतं, हा विचार त्यांनी तिथून आणला. समजा, मुलाला तीन समान बाजूंचा त्रिकोण काढायचाय. कोन ६० अंशांचा, म्हणून ते लिहितं: १०० पावलं पुढे, ६० अंश उजवीकडे, असं तीनदा. निघतो अर्धा षटकोन! मग ते उठून स्वतः कासवासारखं चालून बघतं आणि लक्षात येतं, की वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंशांतून. भूमितीचा हा धडा फळ्यावरून इतका पटकन उतरत नाही.

१९८० मध्ये पॅपर्ट यांचं 'माइंडस्टॉर्म्स' आलं. तोवर छोटे कॉम्प्युटर शाळांत पोचू लागले होते. लोगोमुळे मुलांच्या विचारपद्धतीलाच वळण लागेल, अशी मोठी आशा निर्माण झाली. आणि मग आली थंड पाण्याची बादली. न्यू यॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातली कामं कोणत्या क्रमाने उरकायची याचं नियोजन करायला दिलं. लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा ती काही सरस ठरली नाहीत. पॅपर्ट यांचं उत्तर होतं, की तंत्रज्ञान सुटं काढून त्याचा 'परिणाम' मोजणं हेच चूक. ते कोणत्या वातावरणात, कसं वापरलं जातं ते बघा.

कोण बरोबर? मला यातली सगळ्यात उपयोगी भर वाटते ती शॅरन कार्व्हर आणि डेव्हिड क्लार यांची. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी मुलांना चूक शोधायची पद्धत मुद्दाम शिकवली: काय हवं होतं, काय मिळालं, फरक कसला आहे, आणि तो फरक कुठल्या ओळीमुळे पडू शकतो. ही मुलं मग कॉम्प्युटरबाहेरही, दुसऱ्याने लिहून दिलेल्या सूचनांमधल्या चुका जास्त चांगल्या शोधू लागली.

म्हणजे तत्काळ प्रतिसाद फुकट नाही, पण पुरेसाही नाही. चुकलंय हे पडदा दाखवतो. कुठे शोधायचं हे कुणीतरी शिकवावं लागतं. नाहीतर मूल ६० चं ७०, ७० चं ८० करत बसतं. आकडा कधीतरी जुळतो, चित्र बरोबर येतं, आणि बाहेरचा कोन राहतो तो राहतोच.

आपल्याकडे उलटंही झालं. आमच्या शाळेत लोगोच्या आज्ञा वहीत उतरवून पाठ करायच्या आणि पेपरात लिहायच्या. कासव एकदाही चुकलं नाही, कारण ते कधी चाललंच नाही!

तेव्हा तुमच्या घरी एखादं मूल असा गेम खेळत असेल, तर 'जमलं का?' असं विचारू नका. 'तुला काय होईल असं वाटलं होतं?' हे विचारा, आणि तेसुद्धा त्याने पुन्हा बटण दाबायच्या आधी.