बंदी ग्रंथाची वाट

सरकारनें एखादें संकेतस्थळ अडविलें, कीं आमचे विद्यार्थी आडवाटेनें तेथें पोंचण्याचा उद्योग लागलीच आरंभितात, आणि ही युक्ति जणूं कालपरवांच जन्मास आली अशा ऐटींत आम्हांस तिची माहिती देतात. त्यांना आम्ही सोलापूरच्या एका छापखान्याची हकीकत सांगतों.

बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं लंडनला गेलेल्या विनायकराव सावरकरांनीं 1857 च्या उठावाचा इतिहास मराठींत लिहिला. हस्तलिखित गुप्तपणें हिंदुस्थानांत आलें, पण मोठे छापखाने धजेनात. अखेर सोलापूरचे छापखानेवाले लिमये यांनीं तें काम अंगावर घेतलें. पोलिसांना वास लागून झडत्या सुरू झाल्या; परंतु खात्यांतल्याच एकानें आधीं इशारा दिला, म्हणून हस्तलिखित निसटलें आणि पुन्हां समुद्रापार पॅरिसला गेलें, असें सांगतात. जर्मनींत नागरी खिळे मिळतात या आशेनें तेथें छपाईचा प्रयत्न झाला; पण जुळाऱ्यांना मराठीचा गंधही नसल्यामुळें पैसा व्यर्थ गेला. शेवटीं मित्रमंडळींनीं इंग्रजी भाषांतर केलें, आणि तें 1909 सालीं हॉलंडांत छापलें. सरकारनें तर पुस्तक बाहेर पडण्यापूर्वींच त्यास बंदी करून ठेविली होती!

मग 'पिक्विक पेपर्स', 'डॉन क्विक्झोट' असल्या निरुपद्रवी ग्रंथांचीं वेष्टनें चढवून प्रती इकडे येऊं लागल्या. चोरकप्प्यांच्या पेट्यांतूनहि आल्या. डिकन्सनें अजाणतां केलेली ही देशसेवा आमच्या कॉलेजांतल्या अभ्यासक्रमांत मात्र कधीं आली नाहीं.

तथापि या युक्त्यांचें कौतुक करतांना त्यांची किंमत विसरूं नये. धोका सर्वांच्या वांट्यास सारखा येत नसे. वाचकाच्या घरची झडती होई, त्याची प्रत जाई. छापखानेवाल्याचें यंत्र, खिळे आणि पोट हीं तिन्ही एकदमच जात. 1910 च्या कायद्यानें छापखान्यांकडून जामीन मागण्याचा व तो जप्त करण्याचा अधिकार सरकारास मिळाला. सावरकरांचे वडील बंधु बाबाराव यांना तर 1909 सालींच कविता प्रसिद्ध केल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. आणि सर्वांत विचित्र हानि मराठी वाचकाची! मराठींत लिहिलेला ग्रंथ सुमारें चाळीस वर्षें त्याला परभाषेंतूनच भेटत राहिला. गोमंतकीय सहकारी डॉ. कुटिन्हो यांनीं मूळ हस्तलिखित परदेशीं जिवापलीकडे जपलें, म्हणून 1946 सालीं बंदी उठल्यानंतर तें छापतां आलें.

गांधीजींची रीत याहून अगदीं निराळी. एप्रिल 1919 मध्यें 'हिंद स्वराज्य' आणि 'सर्वोदय' हीं बंदी असलेलीं पुस्तकें त्यांनीं मुंबईंत उघड उघड विकलीं. घेणाऱ्यास तुरुंगाची शक्यता बजावून सांगण्यांत येई. किंमत चार आणे. पण कित्येकांनीं खिसे रिकामे केले. सरकारनें तोड काढली ती मासलेवाईक: ही नवी आवृत्ति आहे, बंदी जुन्या आवृत्तीवर होती, सबब गुन्हाच नाहीं. तुरुंगाच्या तयारीनें आलेले लोक थोडे हिरमुसलेच.

आज वेष्टनाचें काम व्हीपीएन करतें. आपण कोठें जातों हें इंटरनेट पुरविणाऱ्यापासून त्यामुळें लपतें. पण वेष्टन पुरविणाऱ्यापासून लपत नाहीं, आणि तो फुकट सेवा कां देतो हें आमचे विद्यार्थी विचारीत नाहींत. एप्रिल 2022 मध्यें सरकारनें अशा कंपन्यांस गिऱ्हाइकांचीं नांवें व पत्ते पांच वर्षें ठेवण्याची आज्ञा केली, तेव्हां कांहीं परदेशी कंपन्यांनीं आपलीं यंत्रेंच येथून हलविलीं. सावरकरांच्या प्रती आणणारा निदान ओळखीचा माणूस असे.

आणखी एक फरक आम्हांस खटकतो. त्या काळीं जप्तीचा हुकूम राजपत्रांत छापून येई. म्हणूनच बंदी पुस्तकांच्या याद्या आज करतां येतात. संकेतस्थळें अडविण्यासंबंधींच्या 2009 च्या नियमांत मात्र तक्रार व कारवाई गुप्त ठेवण्याचें कलम आहे. शंभर वर्षांनीं सोलापुरांतला कोणी प्राध्यापक आमच्या काळीं काय काय अडविलें होतें याचा शोध घेऊं लागला, तर त्यानें कोणतें दप्तर उघडावें?