अक्कल, खात्री, मनसुबा : मनाच्या शब्दांचा प्रवास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इयत्ता आठवीच्या चाचणीत एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "या कवितेत कवीचा मतलब असा आहे की..." मी त्या 'मतलब' शब्दाखाली लाल रेघ ओढली, बाजूला 'मराठी शब्द वापर' असा शेरा मारला आणि नमुन्यादाखल ते वाक्य वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला. तो मुलगा मात्र त्यानंतर वर्षभर मराठीच्या तासाला उत्तर द्यायला उभा राहिला नाही.

आज वाटते, की त्या दिवशी चूक त्याच्यापेक्षा माझीच मोठी होती. 'मतलब' हा शब्द मराठी शब्दकोशात आहे. फक्त मराठीत त्याला स्वार्थाचा वास लागला आहे. त्या मुलाच्या घरी त्याचा अर्थ 'आशय' असा होता. मी त्याला हा फरक समजावून सांगायला हवा होता. त्याऐवजी त्याच्या मनात असे बसले की घरची भाषा निराळी, शाळेची निराळी आणि मराठी ही आपली नव्हेच. ही समजूत किती चुकीची आहे हे इतिहासाच्या आधारे सांगावे, यासाठी हा लेख.

माणूस विचार करतो तो शब्दांच्या आधाराने. मराठी माणसाच्या विचाराचे शब्द तपासले तर तीन प्रवाह दिसतात. विचार, कल्पना, बुद्धी, विवेक हे शब्द संस्कृतातले. समज, जाण, ओळख हे लोकांच्या तोंडी घडलेले. आणि अक्कल, हुशारी, खात्री, अंदाज, इरादा, उमेद, फिकीर, मनसुबा हे अरबी-फारसीतून आलेले. हा तिसरा प्रवाह आला कसा?

इ. स. १३४७ मध्ये दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले आणि फारसी ही दरबाराची भाषा झाली. पुढे अहमदनगर आणि विजापूर येथे निजामशाही व आदिलशाही आली. पण गावचा पाटील, कुलकर्णी आणि देशपांडे मराठीच बोलत होते. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची प्रथा पाडली. त्यामुळे मराठी कारकून मराठीतच लिहीत, पण कचेरीतले शब्द फारसी असत. कचेरीतून ते चावडीवर आले, चावडीवरून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात. संत एकनाथांनी तर परमेश्वराला 'अर्जदस्त' लिहिली! देह हा परगणा मानून त्यांनी मनाचे व्यवहार सरकारी अर्जाच्या भाषेत मांडले. ऐकणाऱ्या साध्या माणसांना ते कळत होते, म्हणूनच त्यांनी तसे लिहिले.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत रचला. त्यात मन, आत्मा, ज्ञान यांची चर्चा त्यांनी मराठी-संस्कृत परिभाषेत केली. त्यांना ती परिभाषा परकी वाटली नाही.

आता एकेका शब्दाचे मूळ पाहू.

'अक्कल' हा अरबी शब्द. त्याच्या धातूचा अर्थ बांधणे, आवरणे असा आहे. उंटाचा पाय ज्या दोरीने बांधतात ती 'इकाल'. आखाती देशांत नोकरी करून आलेल्या आपल्या बांधवांनी अरबांच्या डोक्यावरील रुमालावर काळा गोफ पाहिला असेल, त्यालाही हेच नाव आहे. म्हणजे मनाच्या उंटाला भरकटू देत नाही ती अक्कल!

'खात्री' शब्दाच्या मुळाशी 'खातिर' आहे. अरबीत त्याचा अर्थ मनात येणारा विचार किंवा मन. 'खातिरजमा' म्हणजे मन गोळा झालेले, न विखुरलेले. मराठीत त्याची 'खातरजमा' झाली आणि मन स्थिर झाले की येते ती 'खात्री'.

'अंदाज' फारसी 'अंदाजा' म्हणजे माप, यावरून आला. याच शब्दाच्या जुन्या रूपावरून अरबीत भूमितीला 'हंदसा' म्हणतात आणि इंजिनिअरला 'मुहंदिस'. आपण डोळ्यांनी अंदाज घेतो तेव्हा मनातल्या मनात मापच घेत असतो.

'मनसुबा' या शब्दाची हकिकत सर्वांत मनोरंजक आहे. त्याचा 'मन' या शब्दाशी संबंध असावा असे वाटते, पण तसा तो नाही. अरबीत 'मन्सूबा' म्हणजे मांडलेली गोष्ट आणि बुद्धिबळात मुद्दाम मांडून सोडवायला दिलेला डाव. आपल्या देशातील चतुरंगाचा खेळ इराणमार्गे अरबांकडे गेला, तेथे त्याचे 'शतरंज' झाले आणि नवव्या-दहाव्या शतकांत बगदादमध्ये त्यावर ग्रंथ लिहिले गेले. इकडे परतलेल्या 'मनसुबा' शब्दाचा मराठीत अर्थ झाला मनात आखलेला बेत. खेळ आपण दिला, शब्द त्यांच्याकडून घेतला.

'गरज' शब्दाचे मूळ अरबीत नेमबाजीचे लक्ष्य असे आहे. त्यावरून हेतू आणि हेतूवरून मराठीत निकड. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण पाहा. त्यात 'गरज' अरबी, 'वंत' संस्कृत, 'अक्कल' अरबी आणि 'नसते' अस्सल मराठी. ती वेगळी करायला गेलो तर म्हणच शिल्लक राहत नाही. जुन्या दस्तऐवजांतील 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' हे वाक्यही तसेच. आपण शुद्धीवर असून स्वेच्छेने सही करीत आहोत, हे सांगायला मराठी माणसाने हेच चार शब्द निवडले.

शब्द बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात दहा वर्ग असून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात शंभरात पंधराहूनही कमी शब्द मराठी आढळले, तर १७२८ च्या पत्रात नव्वदाहून अधिक. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली आणि तारखेच्या जोडीला 'दिनांक' आला. कवी माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला आणि पुढे तेही भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग राजा, दुर्ग, शस्त्रे, लेखन, बाजार अशा विषयांचे आहेत. मनाच्या व्यवहारासाठी त्यात वेगळा वर्ग नाही. कचेरीतला शब्द हुकुमाने बदलता येतो. आई मुलाला 'अक्कल आहे का तुला?' म्हणून रागावते, तिथे कोणाचा हुकूम चालणार?

विद्यार्थी मित्रांनो, यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली ही, की शब्द घर बदलतो तसा अर्थही बदलतो. उर्दूत 'फिक्र' म्हणजे विचारही होतो, मराठीत 'फिकीर' म्हणजे काळजी किंवा पर्वा. तिकडे 'याद' म्हणजे आठवण, इकडे 'यादी' म्हणजे आठवणीसाठी केलेले टिपण. तेव्हा घरचा शब्द शाळेत वापरताना त्याचा मराठी अर्थ पडताळून पाहावा. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात अनेक शब्दांपुढे त्यांच्या मूळ भाषेची खूण आहे. शिक्षकांच्या मदतीने तो कोश अवश्य चाळावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'संकल्पना', 'गृहीतक', 'निष्कर्ष' असे पाठ्यपुस्तकी शब्द पाहून बिचकू नये. शेख महंमदांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी असेच अवघड शब्द आपलेसे केले. जे शब्द येत नाहीत ते विचारही अर्धवट राहतात आणि परीक्षेपेक्षा आयुष्यात ते अधिक महाग पडते.

पालकांनाही एक विनंती. 'आपल्याला मराठी कुठे येते' असे मुलांसमोर म्हणू नये. आपण घरी बोलतो त्यातले कितीतरी शब्द मराठीच्या माजघरात सहाशे वर्षे नांदत आहेत.

त्या विद्यार्थ्याची भेट झाली तर मी त्याला एवढेच सांगेन, की बाळ, तुझा शब्द परका नव्हता, फक्त त्याचा मराठी अर्थ तुला सांगायचा राहून गेला. तोवर माझ्या वर्गात लाल रेघ ओढण्यापूर्वी मी कोश उघडून खातरजमा करून घेतो.