‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते का? कॉर्नेलिया सोराबजी यांची कथा

#थ्रेड

१/
१८८० च्या दशकाची अखेर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील एका विद्यार्थिनीने मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा इतक्या उत्तम गुणांनी उत्तीर्ण केली, की इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळावयास हवी होती. ती मिळाली नाही. कारण एकच : उमेदवार स्त्री होती. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी.

२/
कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी कुटुंबात जन्मलेले, पण पुढे ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले. बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. मुलींनी शिकावे की नाही, हा वाद बाहेर पेटलेला असताना या घरात तो प्रश्नच नव्हता.

३/
वकिलीची ओढ मात्र ग्रंथांतून लागली नाही. कॉर्नेलिया लहान असताना एक श्रीमंत गुजराती विधवा त्यांच्या आईकडे मदत मागण्यासाठी आली. तिच्याच विश्वासातल्या कारभाऱ्याने फसवून तिची मालमत्ता बळकावली होती. त्या बाईचे अश्रू आणि आईची हतबलता कॉर्नेलिया विसरल्या नाहीत. अशा स्त्रियांसाठी कायदा शिकायचा, या निश्चयाचे मूळ त्यांनी पुढे आपल्या आठवणींत याच प्रसंगात दाखवले आहे.

४/
या फसवणुकीमागील यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. पडदानशीन स्त्रीच्या नावावर जमीनजुमला, दागिने, कधी संपूर्ण जमीनदारी असे. पण परपुरुषासमोर येणे निषिद्ध, आणि वकील तर सारे पुरुष! कागदावर काय लिहिले आहे हे कारभारी सांगेल तेच खरे. पडद्याआड बोलणारी बाई तीच आहे की दुसरीच कोणी, हेही वकिलाला कळण्याचा मार्ग नसे.

५/
न्यायालयांना या धोक्याची जाणीव होती. पडदानशीन स्त्रीने करून दिलेला दस्तऐवज तिला पूर्णपणे समजला होता, हे सिद्ध करण्याचा भार त्या दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्यावर असे. हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनेही उचलून धरले होते. म्हणजे संरक्षण कायद्यात होते. पण ते मागण्यासाठी दारापर्यंत पोहोचणार कोण? अडचण कायद्याच्या अभावाची नव्हती, वाटेच्या अभावाची होती.

६/
शिष्यवृत्ती नाकारली गेल्यावर कॉर्नेलिया यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गावर एक तरुणी शिकवते, हेच त्या काळी नवल होते. दरम्यान लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून मदतीचे आवाहन केले. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही समावेश होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या.

७/
त्याच वर्षी मुंबईहून आणखी एक तरुणी इंग्लंडला गेली : रखमाबाई. बालपणी झालेला विवाह नाकारल्याबद्दल १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा पर्याय दिला होता. कायद्याचा चटका प्रत्यक्ष सोसलेल्या रखमाबाई वैद्यकाकडे वळल्या. दुसरीची फसवणूक पाहिलेल्या कॉर्नेलिया कायद्याकडे. घाव आणि मार्ग यांचे नाते सरळ रेषेचे नसते.

८/
१८९२ मध्ये विद्यापीठाच्या खास ठरावामुळे कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेला बसल्या. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० मध्ये. कॉर्नेलिया यांच्या हाती पदवी पडली १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तब्बल ३० वर्षांनी.

९/
१८९३ मध्ये त्या मायदेशी परतल्या. १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीची बाजू त्यांना मांडता आली. पण ती अपवादात्मक परवानगी होती, सनद नव्हे. मग त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्ही उत्तीर्ण. सनद? नाहीच.

१०/
समोरचे दार उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरे दार शोधले. पडदानशीन स्त्रियांसाठी सरकारने एक स्त्री सल्लागार नेमावी, असा आग्रह त्यांनी धरला. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारस आणि स्त्रिया यांच्या ताब्यातील जमीनदाऱ्यांची व्यवस्था पाहणारे हे सरकारी खाते होते. बंगालबरोबरच बिहार, ओरिसा व आसाम हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले.

११/
सुमारे २० वर्षांच्या या सेवेत त्यांनी साहाय्य केलेल्या स्त्रिया व अनाथ मुलांची संख्या ६०० च्या आसपास सांगितली जाते. वारसाहक्काचे तंटे, पोटगी, दत्तकविधान, मुलांचे शिक्षण, सासरच्या माणसांचा जाच हे सारे विषय त्यांच्यासमोर येत. ज्या अंतःपुरात पुरुष वकिलाला पाऊल टाकता येत नव्हते, तेथे त्या थेट बसून बोलू शकत. ज्या स्त्रीत्वामुळे सनद नाकारली गेली, तेच येथे त्यांचे बळ ठरले.

१२/
सनदेचा लढा इतरांनीही लढवला. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. १८७९ च्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता. पण त्यात स्त्री येत नाही, असा निर्णय झाला. १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार दिला. मात्र त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया यांची नोंदणी मान्य केली.

१३/
अखेर १९२३ च्या कायद्याने वकिलीतील स्त्रियांवरील बंदी उठवली. त्याच वर्षी बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा यांनी पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. कॉर्नेलिया यांनी १९२४ मध्ये कलकत्त्यात व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांचे वय ५७ होते. तेथेही पूर्वग्रह आडवे आले आणि न्यायालयात उभे राहण्यापेक्षा लेखी सल्ले देण्याचेच काम अधिक वाट्याला आले.

१४/
त्यांचे चरित्र निर्भेळ गौरवगाथेत बसत नाही. ब्रिटिश राजवटीवर त्यांचा विश्वास होता. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला आणि कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या वादग्रस्त पुस्तकाची पाठराखण केली. परिणामी राष्ट्रीय चळवळीच्या स्मृतीत त्यांना फारशी जागा उरली नाही. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या; ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

१५/
तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. पुण्यातल्या घरी आलेल्या त्या फसवल्या गेलेल्या विधवेला कोणीच न्याय देऊ शकले नव्हते. तिचे नावही इतिहासाला ठाऊक नाही. पण तिचे ते रडणे एका लहान मुलीने ऐकले. आणि पुढे शेकडो अंतःपुरांत कागदावर अंगठा उमटण्यापूर्वी तो कागद मोठ्याने वाचून दाखवणारी एक वकील बाई येऊन बसली.

(समाप्त)

#इतिहास #स्त्रीइतिहास #कॉर्नेलिया_सोराबजी