टू पॉइंट हॉस्पिटल: डोक्याच्या जागी बल्ब, आणि जीपीच्या दारात रांग

टू पॉइंट हॉस्पिटल हा हॉस्पिटल चालवण्याचा विनोदी सिम्युलेशन गेम आहे. यात तुम्ही डॉक्टर नसता, मॅनेजर असता. खोल्या बांधायच्या, स्टाफ नेमायचा, पगार द्यायचे आणि पेशंटला बरं करून घरी पाठवायचं, हे सगळं तुमच्याच गळ्यात.

कोणी बनवला?

१९९७ मध्ये बुलफ्रॉग कंपनीचा 'थीम हॉस्पिटल' हा गेम आला होता. त्याच्या टीममधल्या मार्क वेबली आणि गॅरी कार यांनी पुढे बेन हायमर्ससोबत इंग्लंडमध्ये टू पॉइंट स्टुडिओज सुरू केला. त्यांचा हा गेम सेगाने ऑगस्ट २०१८ मध्ये पीसीवर आणला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर आला.

आजार कसले?

इथले आजार म्हणजे इंग्रजी शब्दांवरच्या कोट्या. 'लाइट-हेडेड' म्हणजे खरं तर डोकं हलकं होणं, पण लाइट म्हणजे दिवासुद्धा! म्हणून पेशंटच्या डोक्याच्या जागी चक्क बल्ब असतो. मशीन तो पिळून काढतं आणि नवीन डोकं बसवतं. 'पॅन्डेमिक'मध्ये डोकं स्वयंपाकाच्या पॅनमध्ये अडकलेलं. 'मॉक स्टार'चा पेशंट स्वतःला फ्रेडी मर्क्युरीसारखा रॉकस्टार समजतो. (खरा फ्रेडी लहानपणी आपल्या पाचगणीत शाळेला होता, बरं का!) त्याला मानसोपचाराची गरज असते.

खरा खेळ रांगेचा

हसता हसता गेम कुठे अवघड होतो? जीपी, म्हणजे पहिल्यांदा तपासणाऱ्या साध्या डॉक्टरच्या दारात. पेशंट रिसेप्शनवरून जीपीकडे जातो. निदान पक्कं नसेल तर जीपी त्याला टेस्टला पाठवतो आणि टेस्ट झाली की पेशंट परत जीपीकडेच येतो. म्हणजे एकच माणूस त्याच रांगेत दोन-तीनदा उभा राहतो. नवे खेळाडू महागडी मशिन्स घेत सुटतात आणि इकडे रांगेत लोकांची तब्येत ढासळत जाते.

उपाय दोन. पहिला, जीपीची दुसरी-तिसरी खोली बांधा आणि डॉक्टरला त्याच कामाचं ट्रेनिंग द्या. दुसरा, निदान किती टक्के पक्कं झालं की उपचार सुरू करायचे, ती मर्यादा सेटिंगमध्ये खाली आणा. रांग लगेच कमी होते, पण अर्धवट निदानावर केलेला उपचार फसू शकतो. पेशंट दगावला तर हॉस्पिटलचं नाव खराब होतं. वर त्याचं भूत कॉरिडॉरमध्ये फिरून बाकीच्यांना घाबरवतं! ते पकडायचं काम जॅनिटरचं, तेही त्याला भूत पकडायची ट्रेनिंग असेल तरच.

रांग लांब ठेवायची की धोका पत्करायचा, हा निर्णय प्रत्येक वेळी तुम्हालाच घ्यावा लागतो. हा गेम विनोदी असूनही डोक्याला काम देतो, तो यामुळेच.

मोबाईलवर चालतो का?

नाही. हा पीसी आणि कन्सोलचा गेम आहे. त्यामुळे या नावाची एपीके फाइल कुठे दिसली तर इन्स्टॉल करू नका.

सुरुवात करताना एक लक्षात ठेवा: पहिल्याच हॉस्पिटलमध्ये तिन्ही स्टार मिळवायचा हट्ट नको. एक स्टार मिळाला की पुढचं हॉस्पिटल उघडतं आणि मागच्यात कधीही परत जाता येतं.